राहते की नांदते

५ जुलै १९७६
रोज लिहायची सवय कॉलेजातच सुटली. आज लिहिते आहे कारण गोजराबाई सकाळपासून माझ्या ताब्यातल्या या मुलींच्या वसतिगृहाच्या पायरीवर बसून आहे, हलत नाही, आणि तिच्यावर ओरडून माझा घसा बसला!

तिचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला. मुलगी लंका इथे दहावीत. सैनिकाच्या मुलीला फी माफ, राहायला जागा — मात्र पालक याच जिल्ह्यात राहणारा हवा. लंकाची पालक आई. दरसाल तलाठ्याचा रहिवासी दाखला लागतो. यंदा त्याने लिहून दिलं — ‘सदर बाई गावी राहत नाही.’ म्हणजे लंकाची जागा गेली.

आणि ही तर निफाडजवळ सासऱ्याच्याच द्राक्षमळ्यात खोप करून राहते!

“तलाठ्याला काय सांगितलंत?”

“त्यानं इचारलं, सासरी राहता का. म्या म्हनलं, नांदत नाय सायेब. नवराच नाय तं नांदू कोनासंगं?”

नांदत नाही! “रहिवास विचारला होता, संसार नाही,” म्हटलं. तरी पायरीवरून उठली नाही. दगड!

७ जुलै
लंका वर्गात दुसरी. गणित उत्तम. आज भोकाड पसरलं. रडून दाखला मिळत नाही, सांगितलं.

१२ जुलै
तलाठी म्हणतो, घरातल्या कर्त्या माणसाने ‘सून इथेच राहते’ म्हटलं तर दुरुस्त करतो. सासऱ्याला बोलावून घेतलं. सावळीराम. कडक इस्त्रीची टोपी, खुर्चीवर बसायला सांगावं लागलं नाही.

“तीच म्हनली ना, नांदत नाय? मंग मी सुनंला खोटं कशाला पाडू?” वर हसला. “नात माझी हाय. पालक म्हनून माझं नाव लावा. मी गावातच मरनार. शिकू द्या पोरीला.”

नियमात बसतं. अर्ध्या तासात काम.

गोजराबाई मध्येच — “बाई, पालक म्हंजी काय वो?”

“कागदावरचं नाव. दुसरं काही नाही.”

“पोरगी तुमच्यापाशीच राहील ना?”

“फाटकाबाहेर पडणार नाही.”

अंगठा उमटवताना हात मागे घेतला. मीच धरून दाबला. माझी बाकीची कामं खोळंबली होती!

१ ऑगस्ट
लंकाची फी माफ झाली. प्रश्न मिटला.

२२ ऑगस्ट, रविवार
भेटीचा दिवस. गोजराबाई शेंगदाण्याचे लाडू घेऊन दारात. आता पालक सावळीराम. पालकाशिवाय भेट नाही — नियम माझाच, उगाच कोणी मामा-काका म्हणवून येत म्हणून.

“आई हाय मी तिची!”

“असाल. पालक नाही.”

लाडू आत पाठवणार होते. परत दिले. एकीला सूट दिली की उद्या दहा जणी उभ्या. लंका वरच्या खिडकीत होती. खिडकी लावून घ्यायला सांगितली.

५ नोव्हेंबर
तुळशीची लग्नं लागली, आणि सावळीराम हजर. लंकाला न्यायला! चांदवडला स्थळ. कांदा साठवायच्या दोन चाळी, सासू नाही.

“मार्चात परीक्षा आहे तिची.”

“पंधरा पुरी झाली. लग्नाला पोरीची पंधराच लागत्यात, कायद्यात बसती, बाई. तुमालाबी कायदा लय आवडतो. पालक कोन? वाचा बरं.”

वाचलं नाही. पाठ आहे.

जाताना म्हणाला, “ही नांदंल. मायसारकं नाय.”

लंकाला सांगितलं. ती म्हणाली, “बाई, तुम्ही आईला म्हणाला होता—”

“सामान आवर,” म्हटलं.

८ नोव्हेंबर
पालक सावळीराम यांच्या ताब्यात दिलं — पत्र्याची ट्रंक एक. वळकटी एक. ताट, तांब्या. दहावीची पुस्तकं त्यांनी नेली नाहीत, ठेवून घेतली. मुलगी एक. सही घेतली.

गोजराबाई फाटकाबाहेर उभी होती. पालक नाही, म्हणून आत घेतलं नाही.