टायरखालचं लिंबू

९ ऑक्टोबर
वर्कशॉपचा फोन. पुरात भिजलेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या विम्याच्या किमतीच्या पाऊणपटीपुढे गेला, म्हणून विमा कंपनीने 'टोटल लॉस' ठरवलं. पैसे घ्या, आरसी रद्द करून द्या, गाडी भंगारात. बक्षीस लागल्यासारखं सांगत होता. मी नाही म्हटलं. का, ते त्याला फोनवर काय सांगणार?
अण्णा म्हणाले, "दिऊन टाक माय. दुसरी घिऊ." आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले. वडील एरवी माझ्या गाडीबद्दल इतक्या लवकर हार मानत नाहीत.

१० ऑक्टो.
शाळेत बसने. अर्धापूरला उतरताना पायाच्या आधाराचं लोखंडी कॅलिपर पायरीत अडकलं. कंडक्टरने काखेत हात घालून उतरवलं. भला माणूस. पण माझ्या चौथीची पोरं बघत होती. गाडी चालवायला लागल्यापासून मला कुणी उचललं नव्हतं. रडू नाही आलं, संताप आला.

१३ ऑक्टो.
लातूरला शब्बीरभाईंना फोन. गाडीचे हाताने चालणारे ब्रेक, क्लच, ॲक्सिलेटर त्यांनीच बसवलेले, माझ्या हाताच्या मापाने. दुसऱ्या गाडीला बसवाल का? "बेटा, दुकान बंद केलं. आता हात थरथरून राहिले." म्हणजे पुण्याला जा, पुन्हा आरटीओ, पुन्हा परवानग्या. आणि कंपनी देणार त्यात गाडी येते कुठे!
कंपनीला तक्रारीचा ईमेल केला. आशा नाही. कुठंही जा, पळसाला पानं तीनच.

१५ ऑक्टो.
वर्कशॉपमध्ये विमा कंपनीचे सर्व्हेअर भेटले. म्हणाले, "मॅडम, जास्तीचा खर्च सगळा इंजिनाचा. आत पाणी असताना चालू केल्याशिवाय रॉड असे वाकत नाहीत. पण तुमचे वडील म्हणाले, किल्लीला कुणी हात लावला नाही. त्यांचं वय बघून मी ताणलं नाही."
"आणि चालू केली असेल तर?"
"मग इंजिन विम्यात बसत नाही. ते तुमच्या खिशातून. उरलेली दुरुस्ती पाऊणपटीच्या आत येते. टोटल लॉस होत नाही."
मी गाडीभोवती एक चक्कर मारली. पुढच्या टायरच्या खाचेत लिंबाचं वाळकं साल. आरशाला झेंडूचा दोरा.
पार्किंगमध्ये पुराचं पाणी शिरलं तेव्हा अण्णांनीच मला लातूरला मावशीकडे धाडलं होतं. दसरा तिकडेच झाला माझा.

रात्री जेवताना विचारलं. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग, "धुतली, पुसली, पूजा केली. लिंबावरून चाक जायला पायजे का न्हाई? ट्रॅक्टरवानी गिअरमधीच किल्ली फिरवली. धाडकन उडाली अन् बसली."
"गाडी ओढून न्यायला टोचन येईपर्यंत किल्ली लावू नका, असं वर्कशॉपने सांगितलं होतं ना अण्णा?"
"दसऱ्याला वाहन जागच्या जागी ठिवावं का मंग?"
ताट सारून उठले मी. पाण्यातून वाचलेली गाडी पूजेनं मारली.

१७ ऑक्टो.
दोन दिवस अबोला. खरं सांगितलं तर गाडी वाचेल. किंवा आधी खोटं बोललात म्हणून पूर्ण क्लेमच जाईल, म्हणजे ना गाडी ना पैसे. आणि अण्णा कागदावर खोटे ठरतील. कंधारकडे गावात त्यांच्या शब्दावर लोकांचे बांध ठरायचे. मला पाठकुळी घेऊन शाळेत नेणारा माणूस हा. माझा राग काही जात नाही, आणि मायाही.

१९ ऑक्टो.
ईमेल लिहिला. 'घरातील एका व्यक्तीने चुकून...' इथवर आले आणि थांबले. अण्णा मागे उभे. वाचून दाखव म्हणाले.
"एका व्यक्तीनं का? माझं नाव घाल." मग दारातून वळून, "लिंबाचं बी लिव्ह."
लिहिलं. पाठवलं.

२२ ऑक्टो., पाडवा
कंपनीचं उत्तर. फेरतपासणी होईल. वडिलांना जबाबासाठी घेऊन या. दावा नाकारण्याचा अधिकार राखून...
अण्णांनी यंदा पाडव्याला कशाचीच पूजा केली नाही. पांढरा सदरा तेवढा इस्त्रीला टाकून आले.

२५ ऑक्टो.
जबाब झाला. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. शेवटी त्या अधिकारी बाईंनी विचारलं, "काका, मग आधी खोटं का बोललात?"
अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेकीचे पाय म्याच मोडले, हे लेकीम्होरं कसं सांगू?"
बाईंचं टायपिंग थांबलं. मला खोलीत बसवेना.
निर्णय कळवू, म्हणाल्या. कधी ते नाही.
बाहेर रिक्षात चढताना अण्णांनी सवयीने हात पुढे केला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, मागे घेतला. मीच धरला.