राहू दे

आई,

आज ह्यांना तलासरीहून वापीला डायलिसिसला मी नेलं. गाडी मी चालवली. हे आधीच सांगून टाकते, कारण तुझा पहिला प्रश्न तोच असता, "चालवली कोणी?" आणि मी उत्तर देण्याआधीच तू म्हणाली असतीस, "राहू दे, तुला नाही जमायचं."

तुझं ते 'राहू दे' मला आठवतं ते चुलीपाशी. तांदळाची भाकरी तव्यावर टाकताना माझ्या हातात मोडते आहे, तू बघते आहेस, आणि दुसरी मोडायच्या आत परात तुझ्याकडे ओढून घेतेस. ओरडत नाहीस. ओरडली असतीस तर मी भांडले तरी असते. वाडीतले चिकू निवडायचे असत तेव्हाही तेच. ओटीवर ढीग, भोवती कामाच्या बायका, मी मोठे आणि बारीक वेगळे करते आहे. तू माझ्या ढिगातलं एक फळ उचलून शेजारच्या ढिगात टाकतेस, मग दुसरं, मग म्हणतेस, "राहू दे." एक बाई म्हणाली, "तिला शाळेतच धाडा बाय, तिथं चिकू नाय येत." सगळ्या हसल्या. तूही हसलीस. मी उठले आणि खरोखरच शिकत गेले. तलासरीच्या शाळेत गणित शिकवलं, पुढे मुख्याध्यापिका झाले. माझ्या चपलांचा आवाज आला की वर्ग गप्प होई. पण नवं काही हातात घेतलं, मग तो मिक्सर असो की शाळेतला कॉम्प्युटर, की तू कानाशी उभी. हळूहळू तो आवाज तुझा राहिला नाही, माझाच झाला. तू गेलीस, आणि तुझं ते काम मी बिनबोभाट चालू ठेवलं.

हे आजारी पडल्यावर गाडी चालवायला घरात कोणी राहिलं नाही. एक ड्रायव्हर एक दिवसाआड येऊन वापीला न्यायचा, पण त्याचा नेम नव्हता. म्हणून मी शिकायला गेले. शिकवणारा गुजराती माणूस, फार शांत. "बेन, गाडीवर रागवू नका," तो म्हणायचा, "ती काय तुमच्या वर्गात नाय बसली." लायसन्स मिळालं. तरी हायवेवर जायची वेळ आली की मी किल्ली ड्रायव्हरच्या हातात द्यायची. एकदा गावातच गाडी चालवताना ताईची लेक, तुझी थोरली नात, मागे बसली होती. मी स्वतःशी काय पुटपुटते ते तिने ऐकलं. "मावशी, शाळेतल्या एखाद्या पोरीशी कोणी असं बोललं असतं तर तू त्याला ऑफिसात उभं केलं असतंस. मग स्वतःशी असं का बोलतेस?" तिने उपाय सांगितला: रोज आरशासमोर उभं राहून म्हणायचं, मी शांत आहे, मला सगळं जमतं. मी एकदा म्हणून पाहिलं. आरशातली बाई माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी 'गृहपाठ घरी विसरलो' म्हणणाऱ्यांकडे बघत असे.

आज सकाळी ड्रायव्हरचा फोन आला, तो येत नव्हता. ह्यांच्या पायांवर सूज चढलेली, दोन पावलं चालले की धाप लागत होती. वेळ चुकली की तिथली खुर्ची पुढच्या पेशंटला देतात. मी दुसरी गाडी शोधत होते, हे मात्र जाऊन आमच्याच गाडीत पुढच्या सीटवर बसले आणि पट्टा लावला. "चला मास्तरीणबाई." मग काय करणार?

हायवेवर पुलाच्या चढावर ट्रकची रांग. थांबले, निघाले, थांबले, आणि निघताना गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. गाडी मागे सरकते आहे. मागे कंटेनर, त्याचा हॉर्न छातीत घुसतो आहे. बाजूच्या ट्रकमधून एकजण ओरडला, "ओ मासी, घर पे चलाओ!" आणि तू आलीस. राहू दे. तुला नाही जमायचं. मी हँडब्रेक ओढला आणि ह्यांच्याकडे वळले, उतरून कोणाला तरी हाक मारते, असं सांगायला.

ह्यांच्या मांडीवर तुझी शाल होती. डायलिसिसला ह्यांना थंडी वाजते म्हणून ती बरोबर असते, रोज बघते मी ती. नाशिकला कॉलेजला निघाले तेव्हा डहाणूच्या एसटी स्टँडवर तू ती अंगावरून काढून माझ्या हातात दिलीस. "तुला लागेल की," म्हणून मी परत करायला गेले. तू तोंड फिरवून म्हणालीस, "राहू दे." तोच आवाज, तितकाच तुटक.

"राहू दे," मी मोठ्याने म्हणाले.

"काय राहू दे? परत जायचंय?" हे घाबरले.

"नाही. बंद पडली तर पडली. राहू दे."

हॉर्न वाजत होता. वाजू दिला. क्लच दाबला, किल्ली फिरवली, रेस देत क्लच हळू सोडला, गाडी हुंकारली तेव्हा हँडब्रेक सोडला. चढ संपला. वापीला आपल्या खुर्चीत बसल्यावर हे नर्सला म्हणाले, "आज आमच्या हिने आणलं."

तुला माफ केलं वगैरे मी लिहिणार नाही. तू त्या शब्दात काय काय म्हणत होतीस, तेही आता कळायचं नाही. आवाज परवाही येईल. तो मला बंद करता येत नाही, पण त्याचा अर्थ मी लावणार.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून शेवटचंही सांगून टाकते. परत आल्यावर फाटकातून आत घेताना गाडी खांबाला घासली. दारावर चांगला हातभर ओरखडा आहे. हे म्हणाले, उद्या रंगवायला देऊ.

मी म्हटलं, राहू दे.