डॅनविक बँकेची नोट

१ ऑगस्ट १९६६
नवरा होता तेव्हाची एक सकाळ आठवली. कोंबड्यांना दाणे टाकून, अंडी पुसून मी एमिलच्या शर्टांना इस्त्री करत होते. तो जुन्या नोटांच्या अल्बममधला रिकामा कप्पा दाखवत म्हणाला, "ओपल, आपल्या डॅनविक बँकेची नोट तेवढी मिळू दे. आजोबांची सही बघतो, मग खुशाल मरतो." त्याचे आजोबा येन्स सोरेन्सन तिथे कॅशियर. तेव्हा गावोगावच्या बँका स्वतःच्या नोटा काढायच्या. गावाचं नाव छापलेल्या त्या नोटांवर दौतीतल्या शाईनं सही करायचे.
नोट मिळाली नाही. एमिल गेलाच. दोन वर्षं झाली.

८ ऑगस्ट
मिळाली! लिलावात पुस्तकांचं खोकं घेतलं होतं. 'कोंबड्यांचे आजार' वाचायला काढलं, तर कुणीतरी खूण म्हणून आत नोटच घातलेली. मळकी, तेलकट, पण खाली आजोबांची सही! स्वयंपाकघरात नाचले. मांजर उठून बाहेर गेलं.

९ ऑगस्ट
क्लिफर्डला फोन केला. एमिलचा शाळेपासूनचा मित्र, संग्राहक मंडळाचा अध्यक्ष. म्हणाला, "अगं बाई, हात लावू नकोस. आहे तशी जत्रेतल्या प्रदर्शनात आण. पहिलं बक्षीस तुझंच."
एमिलच्या नावानं मांडायची, आणि अशी मळकी? पुरुषांना मळ दिसतच नाही.

११ ऑगस्ट
फक्त कोमट पाणी. साबण अजिबात नाही.

नंतर
साबण अगदी थोडा. पाणी काळं झालं. मळ निघतोय!

संध्याकाळ
स्टार्च. इस्त्री. काय कडक झालीये! सही जरा फिकट वाटते. अजून दमट आहे म्हणून.

१२ ऑगस्ट
वाळली. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक.

१३ ऑगस्ट
क्लिफर्ड भिंग घेऊन आला.
"ओपल, सही कुठंय?"
"नीट बघ."
"नीटच बघतोय. धुतलीस?"
"थोडीशी."
"आणि इस्त्री?"
"दोन्ही बाजूंनी."
तो हसत सुटला. मग टोपी काढून डोळे पुसत बसला. म्हणाला, "बक्षीस विसर आता. कोपऱ्यातलं टेबल देतो, चालेल?"
तो गेल्यावर नोट खिडकीशी धरली. चष्मा ठीक आहे. सही मीच धुऊन काढली.

१५ ऑगस्ट
काल जत्रेत कोपऱ्यातल्या टेबलामागे उभी राहिले आणि येईल त्याला कोरी जागा दाखवून सांगितलं, इथे येन्स सोरेन्सननं सही केली होती.