पाचवा का

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज दिव्याचं पुण्यानुमोदन झालं. चिखलीच्या विहारात. वंदना झाली, दोघं-तिघं तिच्याबद्दल बोलले, मग जेवणं. माझी पोरगी न जेवता गेली आणि तिच्या नावाने लोक जेवले! मीही जेवलो. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा कळलं मला.

धाकटी वर्षाली सगळ्यांना वाढत होती. कुणाला काही कमी पडू दिलं नाही. माझी बहीण सुमनताई डोळे पुसत म्हणाली, "आठवीतली पोर, पण बाईसारखं सांभाळते बघ." मग हळूच — "मोबाइलनं नेली रे आपली दिव्या. दुसरं काही नाही."

ताईला कारण सापडलं. मला नाही.

४ फेब्रुवारी

कामावर गेलो. घरात बसवेना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीला सुट्टी. बायकोला, अंजलीला घेऊन भाग्यश्री मॅडमकडे गेलो. त्या समुपदेशक — शेवटचे काही महिने दिव्या त्यांच्याकडे जायची.

चाकणला मी क्वालिटीत आहे. माल परत आला की आम्ही पाच वेळा "का" विचारतो. प्रत्येक उत्तराला पुन्हा का. शेवटी मूळ कारण हाती लागतं. हृदय बंद पडलं. का? अंगातले क्षार घसरले. का? खात नव्हती. का? — इथे मी अडलोय.

मॅडम शांतपणे सांगत होत्या. दिव्याला सगळं बिनचूक लागायचं — अक्षर, मार्क, मग शरीरही. काही मुलींना मोठं होण्याचीच भीती वाटते. बाकी काहीच आपल्या हातात नाही असं वाटलं की भूक तरी आपल्या ताब्यात आहे, याचाच आधार होतो. आणि उपाशी राहून राहून डोकंही आवळत जातं. मग थांबायचं म्हटलं तरी एकटीला थांबता येत नाही.

"यातलं मूळ कोणतं?" मी विचारलं.

"असं एक नसतं, सर."

राग आला. असं उत्तर आमचा कस्टमर घेत नाही!

निघताना त्यांनी विचारलं, "घरात कधी भांडणं व्हायची?" "कधीच नाही," मी म्हणालो. अभिमानाने म्हणालो. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

रिक्षात अंजली एवढंच बोलली, "तिनं मला कधी त्रास दिला नाही हो. डबासुद्धा आल्या आल्या स्वतः घासून ठेवायची. मी शेजारीपाजारी कौतुक सांगायचे."

डबा घासायची कारण तो भरलेला परत यायचा. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

९ फेब्रुवारी

आमच्या घरात कुणी आवाज चढवत नाही. मग राग आला की दिव्या तो कुठे ठेवायची?

१६ फेब्रुवारी, रविवार

ताईचा शेखर आला होता. बराच वेळ चहाचा कप नुसता फिरवत बसला. मग म्हणाला, "मामा, मी तिला टँकर म्हणायचो. एका लग्नात सगळ्यांसमोर म्हणालो होतो — सरका, टँकर आला! ती पण हसली होती, मामा. त्यानं झालं का?"

मी "नाही" म्हणायला हवं होतं. म्हणालो, "माहीत नाही."

पोरगा रडत गेला. वर्षाली दारात उभी राहून ऐकत होती. त्याचा कप उचलून आत गेली.

२० फेब्रुवारी

मोबाइल. मार्क. टँकर. आमची शांतता. एक धरलं की दुसरं सुटतं. झोप नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी कंपनीत ब्रॅकेटच्या मालाला तडे निघाले. मी मार्कर घेऊन थेट बोर्डापाशी. का? का? लिहितच सुटलो. खंडू आमची लाइन सांभाळतो, महाळुंग्याचाच आहे. मागून ओरडला, "सर, कारण दुपारी काढा की! लाइन चालूच हाय न्हवं? तडं पडल्यालाच माल बनतोय, राव! आदी त्यो थांबवा!"

मशीनवाली पोरं हसली. हसणारच. आधी चालू माल रोखायचा, कारण मागाहून शोधायचं — नव्या पोरांना हे मीच शिकवतो. आज विसरलो कसा?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी, म्हणून शाळा सुटायच्या वेळी मी घरी होतो. वर्षाली आली. दप्तरही खाली न ठेवता आधी मोरीत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला.

जाऊन पाहिलं. डबा घासत होती. जाळीत पोळीचे तुकडे अडकले होते. बाह्या वर सरकवल्या होत्या — मनगट काडीसारखं झालं होतं. मी ते कितीतरी दिवसांत पाहिलंच नव्हतं.

मॅडमना फोन केला. उद्या सकाळीच घेऊन या म्हणाल्या. मग दोन ताटं वाढली आणि तिच्या शेजारी बसलो.

"आत्ता? का, पप्पा?"

"का ते नंतर बघू. आधी जेवू."

घास हातात धरून ती बसून राहिली. मी उठलो नाही.