मेरिनने कुठे शिकावं, हे या मृत्युपत्रात लिहिलेलं नाही

मी, शोशम्मा ईपन, कै. ईपन चाको यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त नर्स, राहणार यॉन्कर्स, न्यूयॉर्क, पूर्ण शुद्धीत, कोणीही हात न धरता, स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. ‘स्वखुशीने’ हा शब्द वकिलांनी घालायला लावला. खुशी कसली, जीव दमला आहे. हृदय थकलं, पाय सुजतात, जिना चढले की बोलवत नाही, आणि घरात महिनाभर एकच भांडण चालू आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम एक. राहतं घर माझा मुलगा साजन आणि सून बीना या दोघांना, निम्मं निम्मं. खिडकीतल्या कुंडीतला कढीपत्ता ईपनने लावलेला आहे. उन्हाळ्यात तो अंगणात ठेवतात, थंडी पडायच्या आधी आत घ्यायचा असतो. साजन दरवर्षी विसरतो आणि दरवर्षी मी ओरडते. पुढच्या वेळी बीनाने ओरडावं.

कलम दोन. काशाचं मोठं पातेलं डॅलसला माझी नणंद तंकम्मा हिच्याकडे आहे. मुलीच्या लग्नात पायसमची खीर करायला म्हणून नेलं. त्या मुलीची मुलं आता शाळेत जातात. पातेलं तिच्याकडेच राहू द्यावं, पण ते माझं होतं हे तिला सांगावं, आणि चार माणसांत सांगावं. मागच्या मृत्युपत्रात तिला माझ्या बांगड्या ठेवल्या होत्या. त्या आता बीनाला.

कलम तीन. बँकेत जे काही असेल ते माझी नात मेरिन हिला, शिक्षणासाठी. इथे अट घाला म्हणून दोन माणसं माझ्या मागे लागली होती, ती दोघंही याच घरात राहतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेरिनला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. एक सात वर्षांचा जोड अभ्यासक्रम, शाळा संपली की पदवी आणि मेडिकल एकाच दमात, मेडिकलची जागा आजच पक्की. कॉलेज घरापासून बसने जाण्याइतकं जवळ. दुसरं ते जुनं, नावाजलेलं कॉलेज, बॉस्टनच्याही पलीकडे. तिथे तिला जे आवडेल ते शिकता येईल, पण डॉक्टर व्हायचं तर चार वर्षांनी पुन्हा सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहायचं, आणि जागा मिळेलच असं नाही. एक मेपर्यंत कळवायचं आहे.

साजन म्हणतो, “हातातली जागा सोडायला आपण काय वेडे आहोत?” बीना म्हणते, “त्या कॉलेजचं नाव सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे करतो, तुम्हाला नाही कळायचं.” दोघांचंही खरं आहे, त्यामुळे भांडण संपत नाही. साजनची अट, पैसा मेडिकललाच. बीनाची अट, पैसा त्या कॉलेजलाच. मी एकही घातलेली नाही. मेरिन त्यातून सुतारकाम शिकली तरी चालेल.

कलम चार. हे कलम मालमत्तेचं नाही, पण लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही. आमच्या चर्चच्या वर्धापनदिनाला स्मरणिका निघते आणि जो तो पोरांच्या अभिनंदनाचं पान देतो. यंदा साजनने अख्खं रंगीत पान दिलं: ‘आमची लाडकी डॉक्टर मेरिन.’ छापून यायच्या आधी नमुना घरी आला, तो तिने जेवणाच्या टेबलावर पाहिला.

“अप्पा, मी अजून हो म्हटलेलं नाही.”

“अगं, छपाईची शेवटची तारीख होती. आपल्या चर्चमधल्या कोचुमोनने तर बाहेरच्या कव्हरचं पान घेतलं, त्याच्या पोराचं अजून कशात काही नाही.”

“छपाईची तारीख गेली, माझी नाही ना गेली?”

“बघा,” बीना म्हणाली. ती कोणत्या तोंडाने म्हणाली कोण जाणे, कारण तिने त्या दुसऱ्या कॉलेजचं स्टिकर आधीच गाडीच्या मागच्या काचेला लावलं होतं. चर्चच्या आवारात लोकांनी ते वाचलं, आणि आता स्मरणिकेत ‘डॉक्टर’ वाचतील. पोरगी एक आणि गावभर डंका दोन ठिकाणचा. दोघांनाही मी क्षमा केली आहे, पण स्टिकर खरवडून काढावं.

कलम पाच. आता जे खरं आहे ते. बीना नोकरीवर जायची तेव्हा मेरिनला मी वाढवलं. आता ती मला सांभाळते. गोळ्या देते, संध्याकाळी पायांना मलम चोळते. परवा चोळता चोळता म्हणाली, “ठरवलं गं अम्मची. जोड अभ्यासक्रम घेते. म्हणजे इथेच राहता येईल.”

मी म्हटलं, “अभ्यासक्रम आवडला का?”

“तोही बरा आहे.”

“आणि मी नसते तर?”

तिने मलमाचं झाकण लावलं आणि हात धुवायला गेली. मी आयुष्यभर आजाऱ्यांची तोंडं पाहिली आहेत, पण त्या पोरीचं तोंड बघवेना. मला फार वाईट वाटलं. बाळा, तू माझ्या पायांसाठी सात वर्षं बांधून घेतेस, आणि हे पाय वर्षभरही टिकायचे नाहीत, असं डॉक्टरच म्हणाले आहेत.

वकिलांना म्हटलं, हे सगळं तिला कळेल ना? ते म्हणाले, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. मग मला त्याचा काय उपयोग? मी मरेपर्यंत मे महिना थांबणार आहे का?

कलम सहा. म्हणून हे मृत्युपत्र आज, रविवारी, चर्चहून आल्यावर, उकडलेला कप्पा कंद आणि माशांची मीन करी वाढून झाली की मी स्वतः टेबलावर वाचून दाखवणार आहे. मध्ये कोणी बोलू नये.

मी जिथे शेवटची नोकरी केली त्या वृद्धाश्रमात खोली घेतली आहे. उद्या सकाळी गाडी येईल. कपडे बांधून झाले आहेत. साजन, तू हट्ट करू नकोस. तिथल्या मुली पायांना मलम लावतात, मीच शिकवलंय त्यांना.

मेरिन, उद्यापासून या घरात माझी खोली रिकामी. जवळच्या कॉलेजात जावंसं वाटलं तर खुशाल जा, पण ते तुझ्यासाठी. मला भेटायला सुट्टीत ये. नाही जमलं तरी मी रुसणार नाही.

सही: शोशम्मा ईपन

साक्षीदार:
१. डोलोरेस किंतेरो, शेजारीण
२. लीलाम्मा वर्की, निवृत्त नर्स (सही करताना रडली. मी नाही.)

मेरिनला यात वाटा असल्यामुळे ती साक्षीदार होऊ शकत नाही. तिने फक्त ऐकायचं आहे.

यॉन्कर्स, न्यूयॉर्क. एप्रिलचा शेवटचा रविवार.