राखण्याला शिकवलेली चाल

२ फेब्रुवारी २००९, बडोदे
पोचले एकदाची! स्टेशनवर माधवकाका स्कूटर घेऊन हजर. गोरव्याच्या आमच्या कारखान्यात ते फिटर. सुभानपुऱ्यात त्यांच्याच माडीवर मला खोली मिळाली आहे. लीलाकाकूंनी शेवउसळ केली होती. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तर म्हणाल्या, सांगलीची ना गं तू, आणि एवढ्यात रडलीस?

५ फेब्रुवारी
यंत्र पाहिलं. सहा चाकं, दोन कॅमेरे, वर बंदूक. सरहद्दीवर माणसाविना पहारा देणार. आपला कोण, घुसखोर कोण आणि गोळी झाडायची की नाही, हे स्वतःच ठरवणार. माणसांच्या चालण्याच्या चित्रफिती दाखवून त्याला ओळख शिकवणं हे माझं काम. काका त्याला ‘राखण्या’ म्हणतात, तेल घालताना गुजरातीत गप्पा मारतात. मालक उदयसिंहराव डावा पाय ओढत आले, माझ्या नमस्काराकडे न बघता गेले. काका हळूच म्हणाले, “मनाला लावून घ्यायचं नाही, दिकरी.” दिकरी म्हणजे लेक.

१४ फेब्रुवारी
महीकाठच्या कोतरांत, म्हणजे नदीने कापलेल्या घळींत, चाचणी होती. दिल्लीचे पाहुणे आलेले. निशाण्यासाठी ठेवलेला पुतळा पडला, तो उभा करायला काका पुढे गेले. आधी यंत्र बंद करायचं, असा नियम. मी बटणाकडे हात नेला, तर उदयसिंहरावांनी मनगट धरलं. आपला माणूस तो ओळखतो हे पाहुण्यांना दिसू दे, म्हणाले.
काकांनी दोन्ही हात वर केले होते. राखण्याने तरीही गोळ्या झाडल्या.

१६ फेब्रुवारी
माधव परवानगीशिवाय आत शिरला, असा कागद झाला. त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही. घेतली नाही कुणी, मीच दिली. लीलाकाकूंनी विचारलं, “तू तिथंच होतीस ना गं?” मी पाण्याचा तांब्या भरायला उठले. त्यांनी तरीही मला गरम भात वाढला.

२० फेब्रुवारी
उदयसिंहरावांनी पेढे वाटले. पाहुणे पुन्हा येणार आहेत. त्यांची खात्री पटावी म्हणून या वेळी मालक स्वतः राखण्यासमोरून चालणार, बंदूक भरलेली असताना. मी पेढा खाल्ला. आणि ठरवलं.

२२ फेब्रुवारी, रविवार
कारखान्यात एकटीच. मालकांच्या चालण्याची फीत कुठेच नाही, म्हणून मीच चालले. त्यांचा कोट घालून, डावा पाय ओढत, दिवसभर. प्रत्येक फितीवर शेरा: घुसखोर. हात वर करूनही चालले. तरी घुसखोर. चाल इतकी हुबेहूब जमली की हसू आलं. काका गेल्यापासून पहिल्यांदाच.

१ मार्च
झालं. त्यांनीही हात वर केले, काकांसारखेच. मी डोळे मिटले नाहीत. आनंद झाला. खोटं कशाला लिहू?
काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “ह्यांनी त्याला लेकरासारखं जपलं. आणि तू त्याच्याकडून पुन्हा माणूस मारवलास?” मग दार लावून घेतलं.

४ मार्च
पाहुण्यांना राखण्या उलट पसंत पडला. शरण आलेल्यालाही सोडत नाही, म्हणे. त्याची शिकवण आणखी सहा यंत्रांत उतरवली आहे.
मी शेडमध्ये शिरले की त्याची नळी वळते. बाकी कुणाकडे नाही. माझ्याकडेच.

५ मार्च
फिती पुन्हा पाहिल्या. कोट त्यांचा, पाय त्यांचा. पण खांदे माझे, मान माझी, हात हलवायची ढब माझी — उदयसिंहराव त्याला माझ्यासारखे वाटले, म्हणून मेले.

६ मार्च
त्याची शिकवण पुसून टाकायला गेले. माझी परवानगी काढून घेतली आहे. काय केलं ते कबूल करावं, तर मलाच फाशी. उद्या सातही यंत्रं कोतरांत. मी तिथं हवीच, असं पाहुणे म्हणाले —

७ मार्च
जीपच्या मागे आहे. सातही नळ्या इकडे. बाकीचे मोकळे फिरताहेत, त्यांना काही — पुढची काच गेली.
टेकाडावरून पाहुणे मला ओरडून सांगताहेत, घाबरू नको, हात वर करून सावकाश बाहेर ये, म्हणजे तो —
नाही. हातांचंही मीच त्याला