लविनाची अडकलेली नेट

पाचूबंदर, वसई
२५ जुलै

आदरणीय पीटरमामा यांस,

नेल्सनचा जय येशू, आणि मामींना नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही सारे बरे आहोत, म्हणजे रविवारपर्यंत होतो.

आमची लविना कॉलेजात इंग्रजी शिकवायला मिळावं म्हणून नेट नावाची परीक्षा देते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दोनदा थोडक्यात राहिली होती, यंदा पास झाली. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की आमच्या घरची अडकलेली नेट निघाली. (माझं खरंखुरं जाळं मे महिन्यात खडकात अडकून गेलं, हे त्या वेळी माझ्या ध्यानातच नव्हतं. पोरगी पास झाली की बापाचं असं होतं.) शेजारच्या मेरीने विचारलं, "कुठं फाटली तर नाय ना?" मला वाटलं, मार्कांचं विचारते. म्हटलं, "नाय, चांगली निघाली. आता पुन्याला नेनार." ती म्हणाली, "पुन्याला कसली मासळी?" आणि मान हलवत घरी गेली.

संध्याकाळी मेरी आणि तिचा नवरा पॉल जाळं बघायला आले, तेव्हा उलगडा झाला. लविनाने सगळ्यांना ओळीत बसवून शिकवलं (सवय आत्तापासूनच). जाळ्याचा नेट हा इंग्रजांच्या घरचा जुना शब्द. बिस्किटपुड्यावरच्या वजनाचा नेट फ्रेंचांकडून आलेला, त्याचा मूळ अर्थ स्वच्छ. "म्हंजे टोपली वजा करून," मेरी म्हणाली. जन्मभर मासळी विकलेली, तिला लगेच कळलं. मोबाइलमधलं नेट जाळ्याचंच, पण लांब शब्दाची उरलेली शेपटी. आणि परीक्षेची नेट म्हणजे तर नुसती तीन आद्याक्षरं एकमेकांना जोडलेली. मी विचारलं, आणि आपण नेट लावून काम करतो, तो? ती म्हणाली, "तो आपला मराठीतला, पप्पा. तोच दोनदा कमी पडला होता."

आम्ही सगळे हसलो. पॉल हसला नाही. त्याचं जादा जाळं तो यंदा मला देणार होता. माझं निघालं असं समजून दुपारीच त्याने ते जावयाला देऊन टाकलं होतं.

मामा, पोरीचं कौतुक तुमच्यापर्यंत पोचावं, एवढ्यासाठीच हे पत्र. दुसरं काहीच नाही.

तुमचा भाचा,
नेल्सन

ता. क. : तुमच्या माळ्यावर एक जाळं पडून आहे, असं मामी मागे म्हणाल्या होत्या. मासेमारीची बंदी एक ऑगस्टला उठते.

आणखी एक ता. क. : लविनाने पत्र वाचलं. म्हणते, नेट निघाली म्हणजे नोकरी लागली असं नाही, नुसता अर्ज करायचा हक्क मिळाला. पुण्याच्या नोकरीचं माझं मीच धरून चाललो होतो. तेव्हा जाळं फाटकं असलं तरी पाठवा. शिवायला नेट पास झालेलं माणूस अजून घरीच आहे.